भेद कोणता मानावा? : स्वाक्षरीच्या रेशमी रुमालांचा खाजगी संग्रह

१

रेशमी रुमालांचा खाजगी संग्रह हा विषय प्रथमदर्शनी समीक्षेच्या कक्षेबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. संग्रह म्हटला की हौस, ऐपत आणि सवड या तीन गोष्टी डोळ्यांपुढे येतात. आणि संग्रहातील वस्तू वेशभूषेपैकी असली, म्हणजे तिची गणना विलासात होऊन विचार तेथेच थांबतो. तथापि नामांकित चित्रकारांनी व आरेखकांनी रेखिलेल्या छापील रेशमी रुमालांचा संग्रह जो करू लागतो, त्याला पावलोपावली एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते, आणि तो प्रश्न भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला चांगलाच परिचित आहे. दोन वस्तू एकच केव्हा मानावयाच्या आणि भिन्न केव्हा? त्यांच्यातील कोणता भेद अर्थाला कारण होतो आणि कोणता केवळ आनुषंगिक असतो? संग्राहकाने या प्रश्नाचे उत्तर स्वतः दिले आहे की बाजाराने तयार करून ठेवलेले उत्तर मुकाट्याने स्वीकारले आहे, यावरच त्याच्या संग्रहाची योग्यता अवलंबून राहते, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

या वस्तूला निरनिराळ्या भाषांनी दिलेल्या नावांपासून आरंभ करणे सोयीचे होईल. ‘रुमाल’ हा शब्द मूळचा फारसी. ‘रू’ म्हणजे चेहरा आणि ‘माल’ म्हणजे पुसणारे, अशी त्याची फोड आहे. म्हणजे वस्तूचे नाव तिच्या उपयोगावरून पडले. मराठीत आल्यावर या शब्दाने आपली कक्षा वाढविली. खिशातील वस्त्र रुमाल झाले, तसेच डोक्याला बांधावयाचे वस्त्रही रुमाल झाले. आणि पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागदपत्रे ज्या कापडात बांधून ठेवीत, त्या कापडावरून कागदांच्या गठ्ठ्यालाच रुमाल म्हणण्याचा प्रघात पडला. इंग्रजीतील ‘बँडाना’ हा शब्द हिंदी ‘बांधनू’पासून आलेला आहे. अठराव्या शतकात बंगालचे रेशमी रुमाल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून लंडनला जात, आणि कापडास गाठी बांधून रंगविण्याच्या क्रियेचे नाव त्या वस्त्रालाच चिकटले. फ्रेंचांनी मात्र आकार पाहिला आणि वस्तूला ‘कारे’, म्हणजे चौरस, असे म्हटले. कापडाचा एक लहानसा चौकोनी तुकडा. परंतु एका भाषेने त्याला उपयोगावरून, दुसरीने कृतीवरून आणि तिसरीने आकारावरून ओळखले. आजचा संग्राहक यांपैकी कोणतेच गमक प्रमुख मानीत नाही. तो रुमाल ओळखतो तो कर्त्याच्या, किंवा अधिक काटेकोरपणे बोलावयाचे तर विक्रेत्या पेढीच्या, नावावरून. हा फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे.

२

ज्याला आज संग्रहयोग्य रुमाल म्हणतात, त्याचा इतिहास फार जुना नाही. पॅरिसमधील एर्मेस ही पेढी १८३७ साली घोड्यांचे साज तयार करण्याकरिता स्थापन झाली. तिने आपला पहिला रेशमी ‘कारे’ १९३७ साली, म्हणजे बरोबर शंभर वर्षांनी, विक्रीस आणला. ही कल्पना रोबेर द्युमा यांची. घोड्यांनी ओढावयाच्या सार्वजनिक गाड्या आणि सोंगट्यांचा एक जुना खेळ हा त्यावरील चित्राचा विषय होता. पेढीच्या आरंभीच्या काळातील अनेक रुमालांची रेखाटने उगो ग्रिगकार या आरेखकाची आहेत. त्यांचेच १९५७ सालचे ‘ब्रीद द गाला’ हे रेखाटन पुढे या साऱ्या प्रकाराची जणू ओळखखूण होऊन बसले.

इंग्लंडमध्ये याच सुमारास दोन वेगळे प्रयत्न झाले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लंडनच्या जॅकमार या कंपनीने प्रचाराचे रुमाल काढले; त्यांचे प्रमुख आरेखक अर्नल्ड लीव्हर हे होत. युद्धकाळातील घोषवाक्ये आणि १९४१ साली सुरू झालेले कपड्यांचे रेशनिंग असे विषय या रुमालांवर छापले गेले. रेशीम हवाई छत्र्यांच्या कामी लागत असल्यामुळे त्यांपैकी पुष्कळ रुमाल रेयॉनचे आहेत. दुसरा प्रयत्न झिका व लिडा आशर या दांपत्याचा. १९३९ साली प्राग सोडून लंडनला आलेल्या या दांपत्याने आंरी मातिस, हेन्री मूर, आंद्रे दराँ, ग्रॅहम सदरलंड अशा चित्रकार-शिल्पकारांकडून रेखाटने मिळविली व ती चौरस रुमालांवर छापली. १९४७ साली लंडनच्या लेफेव्र गॅलरीत हे रुमाल चौकटीत बसवून भिंतीवर टांगण्यात आले. गळ्यात किंवा डोक्याला बांधावयाची वस्तू भिंतीवर गेली, हा प्रसंग या विषयाच्या विचारात फार महत्त्वाचा आहे. त्याचा परामर्श पुढे घेतला आहे.

तत्पूर्वी कर्तृत्वाचा प्रश्न पाहावा. ‘अमुक चित्रकाराचा रुमाल’ असे म्हणताना वस्तुतः किती हातांचे काम एका नावाखाली जमा होते, याची कल्पना करून घेतली पाहिजे. लियाँच्या परिसरातील छापखान्यांत जी रीत रूढ आहे, तिच्यात चित्रकाराच्या मूळ चित्राचे प्रथम रंगवार विभाजन होते. हे काम नक्षीकाराचे. प्रत्येक रंगासाठी एक स्वतंत्र चौकट, म्हणजे जाळीचा साचा, तयार करावा लागतो, आणि तीस-तीस रंगांच्या रुमालाला तितकेच साचे लागतात. एकाच चित्राकरिता नक्षीकाराचे शेकडो तास खर्ची पडतात. चित्रकाराने कुंचल्याच्या एका फटकाऱ्यात दाखविलेली छटा किती सपाट रंगांत फोडावयाची, हा निर्णय त्याच्या हातचा असतो. हा निर्णय म्हणजे एका प्रकारचे भाषांतरच होय. त्यानंतर रंगसंगती ठरविणारे येतात, लांब मेजावर ताणलेल्या रेशमावर एकामागून एक साचा बसवीत जाणारे छपाई-कामगार येतात, आणि शेवटी रुमालाची कड बोटांनी वळवून रेशमी धाग्याने हाताने शिवणाऱ्या कारागीर स्त्रिया येतात. रुमालावर पेढीचे नाव असते. पुष्कळदा चित्रकाराची बारीक स्वाक्षरीही असते. इतरांची नावे नसतात.

म्हणून चित्रकाराच्या नावानुसार लावलेला संग्रह चुकीचा ठरतो असे नाही, पण तो अपुरा ठरतो. तसेच पेढीच्या नावानुसार लावलेला संग्रह त्याहूनही अपुरा ठरतो. केर्मिट ऑलिव्हर या टेक्सासमधील चित्रकाराचे उदाहरण येथे बोलके आहे. एर्मेससाठी रुमाल रेखिणारे ते पहिले अमेरिकन कलावंत. त्यांनी चरितार्थासाठी वेको येथील टपालखात्यात अनेक वर्षे नोकरी केली. अमेरिकेतील मूळ रहिवासी आणि तेथील पशुपक्षी हे त्यांच्या चित्रांचे विषय. त्यांचे रुमाल एर्मेस या एका नावाखाली घोड्यांच्या साजांच्या चित्रांशेजारी ठेवले, तर दोहोंमधील दृष्टीचे अंतर दिसेनासे होते. ते स्वतंत्र लावले, तर तेच अंतर संग्रहाचा विषय बनते. क्रम बदलताच अर्थ बदलतो, ही गोष्ट वाक्याप्रमाणे संग्रहालाही लागू आहे.

३

आता मुख्य प्रश्नाकडे वळता येईल. एकाच रेखाटनाचा रुमाल अनेक रंगसंगतींत निघतो, काही वर्षांनी पुन्हा छापला जातो, कधी वेगळ्या मापात किंवा वेगळ्या पोताच्या रेशमावर उतरतो. निळ्या काठाचा आणि तांबड्या काठाचा ‘ब्रीद द गाला’ हे दोन रुमाल मानावयाचे की एक? १९५७ सालची छपाई आणि नंतरची पुनर्मुद्रणे यांची गणना कशी करावयाची? केनेथ पाइक यांनी १९५४ साली वर्तनाच्या अभ्यासात जो भेद मांडला, त्याची येथे आठवण होणे अपरिहार्य आहे. बाहेरच्या निरीक्षकाला मोजता येणारे सर्व फरक एका बाजूला. त्या व्यवहारात वावरणाऱ्या माणसाच्या दृष्टीने ज्यांना महत्त्व आहे असे फरक दुसऱ्या बाजूला. मराठी बोलणाराला ‘पाल’ आणि ‘फाल’ यांतील महाप्राणत्वाचा भेद अर्थभेदक वाटतो. इंग्रजी बोलणाराच्या तोंडी प-काराबरोबर तोच श्वास येतो, पण त्याची त्याला जाणीवही नसते. रंगसंगतीचे तसेच आहे. रेखाटन हा ज्याच्या संग्रहाचा विषय, त्याला रंगसंगती एकाच वर्णाच्या उपवर्णांसारखी वाटेल. रंगकाराची बुद्धी हा ज्याचा विषय, त्याला प्रत्येक रंगसंगती स्वतंत्र वर्ण वाटेल. त्याच्या दृष्टीने एकाच रेखाटनाचे सहा रुमाल हा पुनरुक्तीचा दोष नसून संग्रहाचा गाभा ठरेल.

दोन्ही व्यवस्था सारख्याच ग्राह्य आहेत, परंतु कोणती तरी एक जाणीवपूर्वक पत्करावी लागते. येथेच बहुतेक संग्रह उणे पडतात. बाजाराने आपल्या सोयीचे भेद आधीच ठरवून ठेवलेले असतात: दुर्मिळता, सुस्थिती, मूळ खोका असणे वा नसणे, पेढीची प्रतिष्ठा. कडेचे उदाहरण घ्यावे. एर्मेसच्या रुमालाची कड छापील पृष्ठाकडे वळविलेली असते. इतर पुष्कळ ठिकाणी ती मागे वळविण्याची पद्धत आहे. बाजारात हा भेद खरे-खोटे ओळखण्याची खूण म्हणून वापरतात, आणि तेवढ्यापुरता तो उपयुक्तही आहे. पण पुढे वळविलेली कड चित्राला एक उठावदार गोल किनार देते आणि मागे वळविलेली कड चित्र अगदी टोकापर्यंत नेते; हा जो रूपाचा भेद, तो ओळखपरीक्षेच्या धांदलीत कोणाच्या लक्षातही येत नाही. खूण शिल्लक राहते आणि खुणेचा अर्थ नाहीसा होतो.

शीर्षकांच्या बाबतीतही हेच घडते. ‘ब्रीद’ या फ्रेंच शब्दाचा अर्थ घोड्याचा लगाम व म्होरके यांचा साज. त्याचे लेखन इंग्रजीतील ‘वधू’ या अर्थाच्या शब्दाच्या अनेकवचनासारखेच होत असल्यामुळे इंग्रजी वाचकाला त्या शीर्षकात विवाहसमारंभ दिसण्याचा संभव असतो. चित्रात आहेत ते समोरासमोर मांडलेले दोन शोभिवंत साज. ज्याने शीर्षक वाचले, पण चित्र वाचले नाही, आणि ज्याने चित्र पाहिले, पण शीर्षक वाचले नाही, त्या दोघांच्याही हाती अर्धाच रुमाल आला असे म्हणावे लागते.

अलीकडच्या काळात खुद्द पेढीनेच हा ‘एक की अनेक’चा प्रश्न ऐरणीवर आणला. २००८ साली तिने योझेफ आल्बर्स यांच्या चौरसांच्या चित्रमालिकेतील निवडक चित्रे रेशमावर छापली. ‘चौरसास अभिवादन’ या अर्थाचे त्या मालिकेचे नाव फ्रेंचमध्ये नेताच त्यात ‘कारे’ हा शब्द आला, आणि तो एकाच वेळी भूमितीतील आकृतीचा व रुमालाचा वाचक झाला. श्लेष चांगला साधला. पण आल्बर्स १९७६ साली निवर्तले होते, आणि रुमालासाठी त्यांनी काहीच रेखिले नव्हते. अशा वस्तूला त्यांचा रुमाल म्हणावयाचे, की त्यांच्या चित्राचे रेशमातील अवतरण? पुढे २०१० साली दानिएल ब्युरेन यांच्या छायाचित्रांवरून निघालेल्या रुमालांत प्रत्येक नग एकमेव ठेवण्यात आला. ज्या वस्तूचे सारे तंत्र एकसारख्या प्रती काढण्यासाठी बनले, तिच्यातून मुद्दाम प्रत नसलेली वस्तू काढणे, ही कल्पना बुद्धीला चमत्कृतिपूर्ण वाटते. तथापि रुमाल म्हणून ती वस्तू दुबळी ठरते. कारण छापील रुमालाचे वैशिष्ट्य, अनेक गळ्यांत एकच चित्र निरनिराळ्या रीतीने दिसण्याचे, तिने आपणहून टाकून दिलेले असते.

४

रुमालाचे दिसणे हा यापुढचा मुद्दा. पसरलेला रुमाल आणि बांधलेला रुमाल या एकाच वस्तूच्या दोन अवस्था आहेत, आणि त्यांचे नाते फेर्दिनाँ द सोस्यूर यांच्या १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांतील दोन संबंधांशी चांगले जुळते. वाक्यात शब्द एकापुढे एक येतात तो क्रमसंबंध. ज्या शब्दाच्या जागी दुसरे शब्द येऊ शकले असते, पण आले नाहीत, त्यांच्याशी असलेला तो पर्यायसंबंध. रोलाँ बार्थ यांनी १९६४ साली चिन्हविज्ञानाची मूलतत्त्वे मांडताना हा विचार वेशभूषेला लावून दाखविला: शरीराच्या एकाच जागी एका वेळी ज्यांपैकी एकच वस्तू येऊ शकते त्या वस्तू परस्परांच्या पर्याय, निरनिराळ्या जागी एकत्र धारण केलेल्या वस्तूंचा मिळून क्रम. या दृष्टीने संग्राहकाचा खण म्हणजे पर्यायांचा साठा होय. एक रुमाल उचलून गळ्यात बांधला, म्हणजे उरलेल्यांची अनुपस्थिती त्याला अर्थ देते. खण कधीच उघडला नाही, तर पर्याय आहेत, पण वाक्य नाही.

बांधण्याच्या क्रियेत चित्राचे काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. सामान्यतः नव्वद सेंटिमीटरांचा चौरस कर्णावर दुमडला की मध्यभाग झाकला जातो. कोपरे आणि काठ पुढे येतात. गुंडाळी केली की चित्राचे चित्रत्वच जाते, रंगांचे पट्टे तेवढे उरतात. चांगला आरेखक हे जाणून असतो. ‘ब्रीद द गाला’ बांधला असता समोरासमोरचे दोन साज दिसत नाहीत. एखादा पट्टा, एखादी कडी, एखादे बकल दिसते, आणि तेवढ्यावरून जाणकार पूर्ण रेखाटन ओळखतो. याउलट जॅकमारच्या रुमालांवरील घोषवाक्ये बांधताच तुटतात, उलटी होतात, दुमडीत जातात. वाचण्यासाठी छापलेला मजकूर वाचता येत नाही, परंतु त्याची उपस्थिती मात्र जाणवते. युद्धकाळातील लंडनमध्ये अशा रुमालाचा अर्थ त्यातील वाक्यापेक्षा तो बांधण्याच्या कृतीत अधिक असावा, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

लेफेव्र गॅलरीतील १९४७ सालच्या प्रदर्शनाचे मोल आणि मर्यादा या संदर्भात स्पष्ट होतात. त्या प्रदर्शनामुळे रुमालावरील चित्राकडे गांभीर्याने पाहावयास रसिक शिकले. स्वस्त समजल्या जाणाऱ्या वस्तूत मातिस वा मूर यांची रेषा पाहावयास मिळाली. हा लाभ थोडा नव्हे. परंतु चौकटीत गेलेल्या रुमालाने घडी गमावली, आणि घडीबरोबर त्याला चित्रफलकापासून वेगळे करणारा एकमेव गुणही गमावला. त्यानंतर संग्राहकांत चौकटीचा पक्ष बळावत गेला. न वापरलेला, न धुतलेला, मूळ घडीही न मोडलेला रुमाल श्रेष्ठ, हे आजच्या बाजाराचे सूत्र त्याच पक्षाचे टोक आहे.

या पक्षाची बाजू अगदीच दुर्बळ आहे असे मात्र म्हणता येणार नाही. रेशीम प्रकाशाने जीर्ण होते, घामाने डागळते, आणि एकाच जागी पुनःपुन्हा पडणाऱ्या घडीवर त्याचे तंतू तुटतात. वस्तुसंग्रहालये रेशमी वस्त्रांवर साधारण ५० लक्सहून अधिक प्रकाश पडू देत नाहीत आणि ती आम्लरहित कागदात ठेवतात, ते याच कारणाने. वापरलेला रुमाल लवकर मरतो, ही वस्तुस्थिती आहे. तथापि संग्रहालयाचे कर्तव्य आणि खाजगी संग्राहकाचे कर्तव्य एक नाही. संग्रहालयाला आपल्या ताब्यातील रुमाल कोणाच्याही गळ्यात बांधता येत नाही. खाजगी संग्राहकाला येतो. वापराचे ज्ञान जतन करण्याची जी एक शक्ती खाजगी संग्रहापाशी आहे, ती त्याने संग्रहालयाच्या अनुकरणापायी सोडून देणे, म्हणजे आपल्या अस्तित्वाचे कारणच सोडून देणे होय.

५

संग्राहकाच्या मनोव्यापाराविषयी दोन प्रसिद्ध मते आहेत. वाल्टर बेंजामिन यांनी १९३१ साली आपल्या ग्रंथसंग्रहाविषयी लिहिताना मालकीला वस्तूशी जडणारे अत्यंत जिव्हाळ्याचे नाते मानले. जाँ बोद्रियार यांनी १९६८ साली वस्तूंच्या व्यवस्थेचा विचार करताना अधिक कठोर भूमिका घेतली: संग्रहात नसलेली वस्तूच संग्रहाला चालविते, आणि संग्राहक शेवटी स्वतःलाच गोळा करीत असतो. रुमालांच्या संग्रहात दोन्ही मतांची सत्यता आढळते. एखादी रंगसंगती मिळत नाही म्हणून वर्षानुवर्षे शोध घेणारा संग्राहक बोद्रियार यांच्या सिद्धांताचे उदाहरण ठरतो. परंतु आईने वापरलेला, कडेला किंचित उसवलेला रुमाल जो सर्वांत वरच्या खणात ठेवतो, त्याचा उलगडा त्या सिद्धांताने होत नाही. बाजाराच्या हिशेबी तो रुमाल सदोष, संग्रहाच्या हिशेबी तो आधारभूत. बाजार ज्याला डाग म्हणतो, त्याला संग्राहक नोंद म्हणू शकतो.

अर्थात ‘नोंद’ हा शब्द येथे लाक्षणिक अर्थाने पुरेसा नाही. ती खरोखरच लिहिली गेली पाहिजे. खाजगी संग्रहाचे आयुष्य बहुधा मालकाच्या आयुष्याएवढेच असते. त्यानंतर रुमाल वारसांत वाटले जातात वा लिलावात सुटे सुटे विकले जातात. एकेक रुमाल सुस्थितीत टिकतो, पण निळ्याशेजारी तांबडा का ठेवला होता, एकाच रेखाटनाचे सहा का घेतले होते, ही व्यवस्था नाहीशी होते. वस्तू राहतात आणि व्याकरण जाते. म्हणून प्रत्येक रुमालाबरोबर शीर्षक, आरेखक, प्रथम छपाईचे व हाती असलेल्या छपाईचे वर्ष, रंग, कडेची रीत आणि कोणाकडून मिळाला हे तर नोंदवावेच. शिवाय तो कसा बांधला जाई, कशावर बांधला जाई, आणि बांधल्यावर चित्राचा कोणता भाग दिसे, हेही नोंदवावे. यातील पहिला भाग बहुतेक सूचींत आढळतो, दुसरा क्वचितच. दुसऱ्या भागावाचून सूची म्हणजे उदाहरणवाक्ये नसलेला शब्दकोश होय.

नव्याने संग्रह करू पाहणाऱ्याने याहून निराळा नियम शोधण्याचे कारण नाही. पहिले दहा-बारा रुमाल घेण्यापूर्वी आपण कोणता भेद महत्त्वाचा मानणार, हे त्याने एका वाक्यात लिहून ठेवावे, आणि पुढे ते वाक्य बदलले तर तो बदलही लिहून ठेवावा. असा संग्रह लहान राहील, स्वस्तही राहू शकेल, आणि तरीही अभ्यासाला उपयोगी पडेल. पेशवे दप्तरात कापडाच्या रुमालाने कागद एकत्र बांधून ठेवले. येथे कागदाने रुमाल एकत्र बांधून ठेवावयाचे आहेत. तो कागद नसेल, तर पुढच्या अभ्यासकाच्या हाती सुंदर रेशीम येईल, पण संग्रह येणार नाही.